मुलांच्या हाती कॅमेरा दिला, पुढे काय? आरोग्य संशोधनात फोटो वापरताना या चुका टाळा

आरोग्यावरच्या संशोधन प्रस्तावांत हल्ली एक वाक्य हमखास सापडतं: ‘किशोरवयीन मुलांना कॅमेरे देऊन त्यांचे प्रश्न त्यांच्याच नजरेतून समजून घेतले जातील.’ वाचायला छान वाटतं, मंजुरीही मिळते. मग काही महिन्यांनी टीमच्या लॅपटॉपवर शेकडो फोटो पडून असतात. त्यातले निम्मे कचऱ्याचे, बरेचसे सेल्फी, आणि या सगळ्याचं करायचं काय हे कुणालाच सुचत नाही. शेवटी अहवालात चार फोटो लागतात, तेही पानं भरल्यासारखी दिसावीत म्हणून.

या पद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात ६२ ग्रामीण बायकांच्या हाती कॅमेरे दिले, विषय होता त्यांचं आरोग्य आणि रोजचं जगणं. पद्धतीची सविस्तर मांडणी त्यांनी १९९७च्या लेखात केली. पुढे अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात तरुण मुलांसोबतही ती वापरली गेली. तिच्या मुळाशी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा विचार आहे: चित्र समोर ठेवायचं, त्यावर लोकांनी आपसांत बोलायचं आणि बोलता बोलता आपल्या परिस्थितीची कारणं शोधायची. म्हणजे खरं काम बोलण्याचं. फोटो हे त्याचं निमित्त. खालच्या बहुतेक चुका नेमकं हेच विसरल्यामुळे होतात.

स्पर्धा लावू नका

शाळेत परवानगी मागायला गेलात की मुख्याध्यापक उत्साहाने विचारतात, ‘मग पहिल्या तिघांना बक्षीस ठेवूया का?’ नको म्हणा. नम्रपणे, पण ठाम नको म्हणा. आपली मुलं चित्रकला स्पर्धा आणि निबंध स्पर्धांवर वाढलेली असतात. बक्षीस म्हटलं की परीक्षकांना काय आवडेल हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं. मग हात धुणारं बाळ येतं, झाडाला पाणी घालणारी मैत्रीण येते आणि खाली ‘आरोग्य हीच संपत्ती’ असं लिहिलेलं असतं. त्यात त्या मुलाच्या आयुष्याचा पत्ता कुठेच नसतो.

सगळ्यांना प्रमाणपत्र द्या, सगळ्यांना आपापल्या फोटोच्या प्रिंट द्या. क्रमांक काढू नका.

रोगाचं नाव देऊन फोटो मागू नका

‘ॲनिमियाचे फोटो काढून आणा.’ ही सूचना ऐकून मूल काय करेल? पालकाची जुडी, बीट, फार तर शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी. सगळं पुस्तकातलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मुलींकडून आपल्याला हवं आहे ते आकड्यामागचं: घरात शेवटी कोण जेवतं, गोळी खरंच गिळली जाते की दप्तरात जाते, सकाळी उपाशीपोटी बस पकडावी लागते का.

म्हणून प्रश्न जगण्यातला द्या. ‘दिवसात कुठे दमायला होतं?’ ‘कुठे सुरक्षित वाटतं, कुठे नाही?’ ‘घरात तुझी जागा कोणती?’ असल्या प्रश्नावर एखादी मुलगी विहिरीकडच्या चढाचा फोटो आणेल, एखादी भाकरीच्या रिकाम्या टोपलीचा. रक्तक्षयाकडे जाणारी वाट तिथून निघते. एका फेरीला एकच प्रश्न ठेवा. आणि अडचणींइतकंच बळ देणाऱ्या गोष्टींबद्दलही विचारा, नाहीतर मुलांना वाटतं की ताईंना आपल्या वस्तीतलं वाईटच तेवढं बघायचंय.

फोटोग्राफीचा कोर्स घेऊ नका

चौकटीचे तीन भाग, सोनेरी उजेड वगैरे राहू द्या. लेन्स ओढणीने पुसायची, सूर्य पाठीशी ठेवायचा, झूम न करता जवळ जायचं, एवढं पुरे. उरलेला वेळ एकाच कौशल्यावर घालवा: चेहऱ्याशिवाय गोष्ट कशी सांगायची. हात, चपला, सावली, पाठमोरी आकृती, रिकामी खुर्ची. सरावाला ‘भांडण’ किंवा ‘वाट बघणं’ असा शब्द द्या आणि माणूस न दाखवता फोटो काढायला सांगा. मुलांना यात भलतीच मजा येते, आणि हाच सराव पुढे त्यांना वाचवतो.

एका सहीवर भागवू नका

प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी पालकांची सही घेतली, फाइलला लावली, विषय संपला. ही चूक सर्रास होते आणि तिची किंमत मुलं मोजतात.

वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लिंटमधल्या अनुभवावरून २००१मध्ये या पद्धतीच्या नीतिमत्तेवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यात तीन परवानग्या वेगवेगळ्या धरल्या आहेत: मुलाने प्रकल्पात भाग घेण्याची, फोटोत दिसणाऱ्या माणसाची, आणि काढलेला फोटो पुढे लोकांसमोर ठेवण्याची. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीसोबत मुलाची स्वतःची सहमतीही लागते. ७ ते ११ वर्षांच्या मुलांची ती तोंडी चालते, १२ पासून पुढे लेखी.

कागद झाला. आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. आईने सही केलीय, गुरुजी समोर उभे आहेत, वर्गातल्या सगळ्यांनी हात वर केलाय. अशा वेळी ‘मला नाही यायचं’ म्हणायची कुठल्या मुलाची हिंमत होणार? त्यासाठी गुरुजींना वर्गाबाहेर जायला सांगावं लागतं. नकार कसा द्यायचा हे नाटक करून दाखवावं लागतं. फोटो काढणाऱ्या मुलालाही दुसऱ्याला विचारायची सवय नसते, म्हणून एक वाक्य घोटून घ्या: ‘मावशी, आमच्या शाळेच्या कामासाठी फोटो काढू का? नको असेल तर नाही काढत.’ मावशी नको म्हणाल्या तर मोबाइल खिशात.

तिसरी परवानगी फोटोगणिक घ्यायची, आणि ती चर्चा झाल्यावरच. महिन्यापूर्वी बिनधास्त दाखवलेला फोटो आज मुलीला नको वाटू शकतो. मधल्या काळात घरात काहीही घडलेलं असतं. प्रत्येक फोटोसमोर तीन रकाने ठेवा: फक्त गटात, अहवालात, प्रदर्शनात. ज्याचा फोटो त्याने खूण करायची.

आणि संस्थेच्या छापील फॉर्मवर ‘छायाचित्रांचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ अशी ओळ असेल तर ती आधी खोडा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. तो चौदा वर्षांचा असला म्हणून त्यात फरक पडत नाही. वापरायची परवानगी मागा, मालकी मागू नका.

चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असं समजू नका

शहरातल्या वाचकासाठी झाकली असेल. गावात नाही. चेहऱ्यावर चौकोन टाकलात, पण मागे भिंतीवर घरमालकाचं नाव रंगवलंय, कोपऱ्यात दूध संस्थेची पाटी आहे, गणवेशावर शाळेचा बिल्ला आहे. हे सगळं पुसलंत तरी दारातली ती एकच लाल लुना अख्खा गाव ओळखतो. फोटो ज्यांनी बघू नये असं वाटतं ती माणसं बहुतेक वेळा पाचशे मीटरच्या आत राहतात, त्यामुळे ओळख तपासायला बाहेरचा संपादक उपयोगाचा नाही. त्याच गावातली दोन मुलं बसवा आणि विचारा, ‘हे कुणाचं घर?’ त्यांनी दोन सेकंदांत सांगितलं तर तो फोटो प्रदर्शनात लावायचा नाही.

शिवाय डोळ्यांवर काळी पट्टी लावलेला मुलाचा फोटो मला व्यक्तिशः पाहवत नाही. तो गुन्हेगारासारखा दिसतो. त्यापेक्षा मुळातच चेहरा नसलेला फोटो बरा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो मागवू नका

सोय म्हणून हेच केलं जातं, म्हणून जरा खोलात जाऊ. ग्रुपवर टाकलेला फोटो त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर पोचतो, तिथून पुढे कुठे जाईल यावर कुणाचा ताबा राहत नाही. नंतर ‘माझा फोटो काढून टाका’ म्हणण्याला अर्थच उरत नाही. फोटो म्हणून पाठवला तर तो दबून बारीक होतो आणि प्रिंट खराब येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा टिकतो, पण लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये दडलेलं ठिकाणही सोबत जातं, म्हणजे घराचे अक्षांश-रेखांश पाठवल्यासारखंच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोबाइल कुणाचा, हे आपण विचारतच नाही. ग्रामीण भागातच कशाला, शहरातल्या वस्त्यांतही अनेक मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. तो भावाचा असतो किंवा वडिलांचा. तिने काढलेला फोटो आधी भाऊ बघतो. क्लाउड बॅकअप चालू असेल तर त्या खात्यावर लॉग-इन असलेल्या दुसऱ्या फोनवरही तो पोचतो. म्हणून प्रकल्पाचेच दोन-तीन साधे फोन किंवा डिजिटल कॅमेरे आळीपाळीने द्या. फोन असेल तर सिम काढा, लोकेशन आणि बॅकअप बंद करा, आणि फोटो दर आठवड्याला हातोहात, केबलने किंवा मेमरी कार्डवरून घ्या. घेताना मुलाला शेजारी बसवा. त्याला नको असलेले फोटो तुमच्या लॅपटॉपवर येण्याआधी त्याला पुसू द्या.

फोन हरवला किंवा फुटला तर भरपाई कुणाची हेही पहिल्याच दिवशी सांगा. प्रकल्पाची. नाहीतर गरीब घरातली आई कॅमेरा कपाटात कुलूपबंद करून ठेवते, आणि आपण लिहितो की सहभाग कमी पडला.

मुलांना गुप्तहेर बनवू नका

तंबाखूवरचं काम असलं की मुलं टपरीकडे धावतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, हे मुलांना शिकवलेलं असतं. मग पुरावा गोळा करायची खुमखुमी येते. पण टपरीवाला त्या मुलाला, त्याच्या बापाला, त्याच्या घराला ओळखतो. बंदी असलेल्या मालाचा फोटो काढणाऱ्या पोराला तो चहा पाजणार नाही. हीच गोष्ट दारूच्या गुत्त्याची आणि घरातल्या मारहाणीची. चालू असलेला गुन्हा, भांडण, नशा यांचे फोटो काढायचे नाहीत, हा नियम लेखी द्या आणि पर्यायही द्या: रिकाम्या पुड्या, भिंतीवरच्या पिंका, दुसऱ्या दिवशी सकाळी विस्कटलेलं अंगण.

दुसरं, ‘इथे बोललेलं सगळं गुप्त राहील’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. फोटोवर बोलताना एखादं मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगतं. तेव्हा २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार, कलम १९ प्रमाणे, ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधकालाही त्यातून सूट नाही. म्हणून सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगा: ‘तुमच्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, पण ती तुम्हाला सांगून मागेन.’ चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक भिंतीवर लावून ठेवा. समुपदेशक आधी गाठा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४पासून चालू आहे, महाराष्ट्रात त्याची किशोरवयीन मुलामुलींसाठीची मैत्री क्लिनिकं आहेत. जवळच्या क्लिनिकमधल्या समुपदेशकाला पहिल्या बैठकीलाच बोलवा. मुलांनी त्यांचा चेहरा पाहिलेला असला की पुढे जाणं सोपं होतं.

चर्चा उरकू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. फोटोव्हॉइसमध्ये चर्चेसाठी पाच प्रश्न ठरलेले आहेत: इथे काय दिसतंय? खरं काय घडतंय? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? प्रश्न उत्तम आहेत, पण तोंडी परीक्षेसारखे एकामागून एक विचारले की मुलं परीक्षेसारखीच उत्तरं देतात. ‘लोकांमध्ये जागरूकता नाही.’ ‘आपण सर्वांनी स्वच्छता पाळली पाहिजे.’ अशी उत्तरं आली की समजावं, चर्चा अजून सुरूच झालेली नाही.

नमुना म्हणून एक प्रसंग कल्पून बघू. नववीतल्या मुलीने शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराचा फोटो आणलाय. हिरवा रंग उडालेला, कडीच्या जागी सुतळीचा तुकडा.

‘काय दिसतंय यात?’
‘दार. घाण असते आत. स्वच्छता राखली पाहिजे.’

घाईतला संशोधक इथे वहीत ‘अस्वच्छता’ लिहून पुढचा फोटो उचलतो. थांबलं तर?

‘ही सुतळी कशाला गं?’
‘कडी तुटलीय ना ताई. आतून धरून बसायचं.’
‘आणि पाळी असेल तेव्हा? एका हाताने?’
‘मग मैत्रीण बाहेर उभी राहते. ती आली नसेल तर मी जातच नाही.’
‘मग?’
‘घरी जाते. पाच वाजता.’
मागून दुसरी: ‘म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. बाटली भरून आणतो नि तशीच परत नेतो.’

विषय स्वच्छतेवरून सुटला आणि पाणी न पिण्यावर, दिवसभर लघवी रोखण्यावर, मैत्रीण गैरहजर असेल त्या दिवशी शाळा बुडवण्यावर आला. आणि ‘आपण काय करू शकतो’ला आता खरं उत्तर आहे: कडी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मागता येईल अशी. हे सगळं सुतळीमुळे बाहेर आलं, पाच प्रश्नांच्या यादीमुळे नाही. आधी फोटोतल्या वस्तूवर बोट ठेवून विचारा. ‘का’ शेवटी.

याला वेळ लागतो, म्हणून हिशेब आधी करा. दहा मुलं, प्रत्येकी पाच फोटो, एका फोटोला पंधरा मिनिटं धरली तरी साडेबारा तास होतात. शाळेच्या दोन तासिकांत हे बसत नाही. प्रत्येकाने कितीही फोटो काढावेत, बोलण्यासाठी दोन निवडावेत. गट सहा ते आठ जणांचा पुरे. पाळी, शरीर, प्रेम असले विषय असतील तर मुलामुलींचे गट आधी वेगळे बसवा. एकत्र यायचं का, ते नंतर त्यांनाच ठरवू द्या.

जो फोटो आलाच नाही त्याबद्दल विचारायला विसरू नका

दर बैठकीत एक प्रश्न ठेवा: ‘काढायचा होता पण काढला नाही, असा फोटो कोणता?’ कधी उत्तर साधं असतं, अंधार होता. कधी कुणीतरी सांगतं की पाळीचा कपडा परकराखाली झाकून वाळत घालतात, त्यामुळे तो उन्हात नीट सुकत नाही, आणि त्याचा फोटो काढणं शक्यच नव्हतं. अशा न काढलेल्या फोटोसाठी कोरी चौकट असलेला कागद द्या. मुलांनी त्यात चित्र काढावं किंवा दोन ओळी लिहाव्यात. विश्लेषणात या कागदांना बाकीच्या फोटोंइतकाच मान द्या.

फोटोंची वर्गवारी एकट्याने बसून करू नका

प्रिंट जमिनीवर पसरा आणि ढीग मुलांना लावू द्या. ढिगांना नावंही त्यांचीच. तुमच्या डोक्यात ‘पोषण’, ‘स्वच्छता’, ‘व्यसन’ असे कप्पे असतात. मुलं ‘बोललं तर मार पडतो’ असा ढीग लावतील, ज्यात तुमचे तिन्ही कप्पे येतात. मुंबईतल्या पुकार संस्थेच्या युवा फेलोशिपमध्ये तरुण आपल्या विषयाचे संशोधक स्वतःच असतात. तेवढं जमलं नाही तरी या टप्प्यावर मुलांना बाहेर ठेवायला काही कारण नाही.

आणि फोटोखालच्या ओळी ‘शुद्ध’ करत बसू नका. अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत सांगितलेली गोष्ट प्रमाण मराठीत आणली की तिचा निम्मा जीव जातो. परक्या वाचकाला कळणार नसेल तर खाली अर्थ द्या, मूळ ओळ वरच राहू द्या.

प्रदर्शनाचा समारंभ करू नका

दीपप्रज्वलन, सत्कार, नारळ, तीन भाषणं, आणि मुलं मागे उभी. अधिकारी फोटोंसमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतात आणि गाडीत बसतात. युनानमध्ये निर्णय घेणारी माणसं सुरुवातीपासून सल्लागार गटात होती. पुढे पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींच्या शिष्यवृत्त्या यांवर हालचाल झाली, ती काही एका दिवसाच्या उद्घाटनातून झाली नाही. तालुका आरोग्य अधिकारी किंवा गटविकास अधिकारी यांना शेवटच्या दिवशी बोलावण्यापेक्षा पहिल्या महिन्यात भेटा आणि विचारा, ‘तुमच्या हातात नेमकं काय आहे?’ ज्याच्या हातात कडीचे पैसे आहेत त्याच्यासमोर कडीचा फोटो ठेवायचा.

जागेचंही तसंच. ‘स्नेहा’ या संस्थेने २०१५मध्ये भरवलेलं ‘धारावी बिएनाले’ हे प्रदर्शन कला आणि आरोग्याचं होतं, आणि ते धारावीतच भरलं. ज्यांच्यावर फोटो आहेत त्यांना चालत येता आलं पाहिजे.

मध्येच गाडी अडली तर

मुलं फोटोच आणत नाहीत: बहुतेक वेळा प्रश्न कळलेला नसतो किंवा घरून मनाई असते. घरी जाऊन आईला कॅमेरा दाखवा, तिलाच एक फोटो काढू द्या. सगळ्यांचे फोटो सारखेच येताहेत: सगळी घोळक्याने फिरताहेत. वेगळी वेळ द्या, एकाला पहाटेची, एकाला शाळा सुटल्यावरची. एकच मुलगा बोलतोय: आधी सगळ्यांना दोन ओळी लिहू द्या, मग वाचायला सुरुवात सर्वांत गप्प मुलीपासून. मुलं रडू लागली: रेकॉर्डर बंद करा, बैठक थांबवा, डेटाचा विचार नंतर.

पालक किंवा शिक्षक सगळे फोटो बघायला मागतात: मुलांनी ‘प्रदर्शनात’ या रकान्यात खूण केलेलेच दाखवा, आणि ही अट परवानगी घेतानाच सांगून ठेवा. नंतर सांगितलीत तर लपवाछपवी वाटते.

आणि आदल्या रात्री एखादी मुलगी म्हणते, माझा फोटो नको लावू. कारण विचारायचं नाही, काढून टाकायचा. म्हणून सगळे फोटो मिळून एकच मोठा फ्लेक्स छापू नका. सुट्या प्रिंट दोरीला चिमट्याने लावा, म्हणजे एक उतरवली तरी बाकीचं प्रदर्शन तसंच उभं राहतं.